सड्यावर पहिल्यांदा जाताना

ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरलीस की पहाटे रत्नागिरी. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायची तर ऊन चढायच्या आत कशेळीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, गाठ. तिरप्या उन्हात जांभ्यात कोरलेल्या रेषेच्या काठावर सावली पडते आणि तो भलामोठा हत्ती आपोआप उठून दिसतो. ऊन डोक्यावर आलं की तोच हत्ती पायाशी असून सापडत नाही. तेव्हाच खडूने रेषा गिरवायचा मोह होतो. मी पहिल्या खेपेला गिरवली होती. जांभा सच्छिद्र, भुकटी भोकाभोकांत बसली; पुसायला गेलो तर दगडाचेच कण हाताला लागले. अजून जिवाला लागतं ते. खडू नको, पाणी ओतणं नको, बूट काढलेस तरी रेषेवर पाय नको.

आधी गावात विचार. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. कुणी ‘पांडवांची चित्रं’ म्हणालं तर हसू नकोस, याच लोकांनी ती इतकी वर्षं सांभाळली.

२०२२ मध्ये कशेळी, उक्षी, बारसू वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. यादीबाहेरची कितीतरी तशीच उघड्यावर आहेत. नवी आकृती दिसली तर लोकेशन कुठेही टाकू नकोस. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ आणि थेट पुरातत्त्व विभागाला कळव.