पाठ नसलेला दगड

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एकच प्रश्न वेश बदलून चार ठिकाणी आलाय: ताई, तुम्ही ५१व्या वर्षी छिन्नी हातात घेतलीत, मग मी आत्ताच अ‍ॅनिमेशनची नोकरी सोडू का? सोडू नकोस. मुंबईत घरभाडं दगड भरत नाही.

तुला वाटतं तसं माझं काही धाडस वगैरे नव्हतं. आधी जाहिरातींचे लेआउट केले, मग वीस वर्षं नेपथ्य. गुडघे कुरकुरायला लागले, रात्री-अपरात्री ट्रकमधून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी, उतरवून घेणं नकोसं झालं, म्हणून दुसरं काही शोधत होते. (गुडघ्यांना जपायला म्हणून दगड निवडणारी बाई तुझी गुरू आहे, हे लक्षात असू दे.)

पहिला तुकडा मकराण्याचा होता, जेमतेम फूटभर. तरी घरी आणताना दोन माणसं लागली, कारण घनफूटभर संगमरवर साधारण ७५ किलो भरतो. पाच महिने खपून त्यातून एक बसलेली बाई घडवली. माझ्या गुरुजींनी तुकडा फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘‘हिची पाठ कुठाय?’’

पाठ नव्हतीच. खांद्यामागे नुसता सपाट दगड. मला ते दिसलंही नव्हतं. वीस वर्षं मी थर्माकोल आणि प्लायवूडचे वाडे उभे केले ते शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेतून खरे वाटावेत म्हणून. मागे कच्च्या लाकडाचे टेकू. जाहिरातीच्या कागदाला तर मागची बाजू कोरीच. हाताला समोरचंच घडवायची सवय, ती दगडात उतरली.

तुझी खोड उलटी असेल. तुझ्या पडद्यावर आकृती सगळीकडून फिरते, तिला पाठ असते. पण वजन नसतं, आणि चुकलं तर एक पाऊल मागे जाता येतं. म्हणून तुझी पहिली मूर्ती कुठेतरी फार बारीक होईल, बहुधा मनगटात किंवा घोट्यात, आणि तिथेच मोडेल. मोडू दे. आधीच्या धंद्यातून आपण काय घेऊन आलो, ते अशा जागी कळतं.

असे येणारे आपण पहिले नाही. पिलू पोचखानवाला जाहिरातक्षेत्रातून आल्या, आदी दावियरवाला औषधांच्या रसायनशास्त्रातून. दोघेही पुढे शिल्पकार झाले, दोघेही शिल्पकार एन. जी. पानसऱ्यांकडे शिकले. फोर्टात कधी गेल्यास न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरची पानसऱ्यांची उठावशिल्पं मान वर करून बघ. आणि घारापुरीला जा, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. तिथला सदाशिव माणसाच्या तिप्पट उंच आहे, तीन मुखं दिसतात, आणि पाठ? ती डोंगरातच राहिलीय. ते पाहिलं तेव्हा गुरुजींचा थोडा राग आला. पण तिथे पाठ डोंगराला दिलेली आहे. मी ती विसरले होते.

तर सुरुवात उठावशिल्पापासून कर. दगड मऊ घे. सोपस्टोनवर नखानंही ओरखडा उठतो, सहा महिने त्याच्यावरच काढ. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाला इतक्यात हात लावू नकोस, छिन्नीची धार आणि तुझा उत्साह दोन्ही बोथट होतील. दगड घेताना हातोडीनं हलकेच वाजवून बघ. खणखणीत वाजला तर घे, बद्द वाजला तर आत भेग आहे समज. मग पाणी ओत. वरचं सुकलं तरी भेग ओली, काळी राहते. विकणारा घाई करेल, करू दे.

संगमरवरापर्यंत पोचलास की छिन्नी तिरपी धर. सरळ उभी धरून मारलीस तर दगड आतून ठेचला जातो, आणि महिन्यांनी पॉलिश करताना तो पांढरा ठिपका नेमका गालावर उगवतो. माझ्या बाईच्या गालावर आहे, दाखवीन. आमच्या गिरगावच्या चाळीत पाट्याला टाकी लावायला बाई यायची. ती जोर लावायची नाही, हातोडी आपल्या वजनानंच पडायची. मला हे कळायला चार वर्षं आणि एक सुजलेलं कोपर लागलं.

जागेचं रडगाणं तू लिहिलंयस ते खरं आहे. दुसऱ्या मजल्यावर ठोकाठोक केलीस तर सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळपर्यंत दारात. आमच्या वसईच्या शेडमध्ये एक कोपरा रिकामा आहे, रविवारी वापर.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्माच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही. चांगला रेस्पिरेटर घे, ग्राइंडर चालवायचा तर दगडावर पाणी सोडत. चष्मा हवाच. येत्या पगारातून छिन्न्या घेऊ नकोस, माझ्याकडे आहेत. मास्क घे.

येत्या रविवारी नऊच्या आत ये, नंतर पत्रा तापतो. पायात चपला नकोत, बूट घाल. बसलेली बाई दाराशीच ठेवलीय, शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. पाठ सपाट आहे ना, भिंतीला छान टेकते.

तुझी,
ताई