संस्थारचना, आकृतिबंध आणि ‘रिपोर्ट करणे’

एका स्वयंसेवी संस्थेसाठी प्रशिक्षणपुस्तिका मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. एखाद्या संस्थेचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते तपासून, ती अधिक परिणामकारक व्हावी या हेतूने तिची मांडणी करण्याच्या शास्त्राला, म्हणजे ‘ऑर्गनायझेशन डिझाइन’ला, मराठीत काय म्हणावे? त्यासाठी ‘संस्था’, ‘संघटना’ आणि ‘आस्थापना’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘रिपोर्ट करणे’ याला सुटसुटीत मराठी पर्याय कोणता? त्यांच्या मसुद्यात ‘संघटना आकृतिबंध’ असा शब्दप्रयोग झाला आहे आणि तो त्यांना खटकतो आहे. तो मलाही खटकतो, कारण त्यातले दोन्ही शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत.

‘संघटना’ म्हटले की मराठी वाचकाला कामगार संघटना, शेतकरी संघटना, विद्यार्थी संघटना आठवतात. समान हितासाठी किंवा मागणीसाठी एकत्र आलेली माणसे हा त्या शब्दाचा आजचा ठळक अर्थ आहे. हिंदीत ‘संगठन’ कोणत्याही प्रकारच्या संस्थेला सर्रास लावतात आणि हिंदीवरून केलेल्या अनुवादांतून ती सवय आपल्याकडेही उतरते. जुन्या सरकारी मराठीत मात्र ‘संघटना’ कार्यालयालाही लावलेली आढळते: धरणांची संकल्पचित्रे करणारे जलसंपदा विभागाचे नाशिकचे कार्यालय ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ या नावानेच ओळखले जाते. परंतु असे वापर त्या त्या नावापुरतेच राहिले, रूढ भाषेत पसरले नाहीत. ‘संघटन’ हा शब्द आणखी वेगळा आहे. बारावी वाणिज्य शाखेत ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ हा विषय शिकलेल्यांना नियोजन, संघटन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण ही व्यवस्थापनाची कार्ये परिचित असतात. तेथे ‘संघटन’ ही कृती आहे, म्हणजे कामे वाटणे आणि अधिकार ठरवणे. तेव्हा कृतीसाठी ‘संघटन’, समूहासाठी ‘संघटना’ असा भेद मराठीत झालेलाच आहे आणि तो जपायला हवा.

‘आस्थापना’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून बरेच दूर गेले आहेत. दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या महाराष्ट्र अधिनियमात तो व्यवसाय चालणाऱ्या ठिकाणासाठी येतो. सरकारी कचेरीत ‘मी आस्थापनेला आहे’ असे कोणी म्हटले, तर तो नेमणुका, बदल्या, रजा आणि सेवापुस्तके सांभाळणाऱ्या शाखेत काम करतो असा अर्थ होतो. प्रशिक्षणपुस्तिकेत हा शब्द घेतला, तर वाचणारा कर्मचारी कोणता अर्थ लावील हे सांगता येणार नाही.

राहतो ‘संस्था’ हा शब्द, आणि तोच योग्य आहे. शिक्षण संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, 1960 च्या अधिनियमाखालील सहकारी संस्था असा त्याचा विस्तार मोठा आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला नुसते ‘संस्था’ म्हणताना जीभ थोडी अडखळते, पण ‘व्यवसायसंस्था’ किंवा ‘उद्योगसंस्था’ म्हटले की अडचण दूर होते. (‘संस्थान’ मात्र टाळावे. हिंदीत त्याचा अर्थ शैक्षणिक किंवा संशोधन संस्था असा होतो, तर मराठीत एक तर राजेरजवाड्यांचे राज्य किंवा देवस्थानाचा कारभार.) या कुळातल्या शब्दांनी मराठीत किती नेमके काम होते ते पाहायचे असेल, तर सहकारी दूधव्यवसायाकडे पाहावे. गावात दूध गोळा करते ती ‘संस्था’, अशा संस्था मिळून जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा ‘संघ’ आणि संघांचा मिळून राज्यपातळीवरचा ‘महासंघ’. दूध उत्पादक हा संस्थेचा सभासद असतो, संस्था संघाची सभासद असते आणि संघ महासंघाचा. तीन पातळ्यांची रचना तीन साध्या नावांतच उलगडते, आणि सांगलीकोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला ती कोणी समजावून द्यावी लागत नाही.

आता ‘आकृतिबंध’. हा शब्द सुंदर आहे, पण शासनव्यवहारात त्याचा अर्थ पक्का ठरून गेला आहे. एखाद्या विभागाचा किंवा नगरपरिषदेचा ‘सुधारित आकृतिबंध’ मंजूर झाला, अशा मथळ्याचा शासन निर्णय उघडला की आत पदनाम, वेतनश्रेणी आणि मंजूर पदांची संख्या असा तक्ता असतो. कनिष्ठ लिपिक किती, वरिष्ठ लिपिक किती, शिपाई किती, हे त्यावरून कळते. कागद कोणाकडून कोणाकडे जाईल, कोणता निर्णय कोणत्या पातळीवर संपेल, दोन शाखांत मतभेद झाल्यास तो कोण मिटवील, हे त्यावरून कळत नाही. वाचकाला अभिप्रेत असलेले शास्त्र नेमके याच प्रश्नांपासून सुरू होते. म्हणून आकृतिबंध हा रचनेचा एक भाग म्हणावा, त्याला रचना म्हणू नये.

माझी शिफारस ‘संस्थारचना’ या शब्दाची आहे. ‘रचना’ या शब्दात रचण्याची क्रिया आणि रचलेली वस्तू हे दोन्ही अर्थ आहेत. ‘काव्यरचना’ म्हणताना आपण दोन्ही अर्थ सहज वापरतो. ‘संरचना’त फक्त उभा राहिलेला सांगाडा येतो, रचणाऱ्याचा विचार येत नाही. ‘आराखडा’ हा कामाच्या आधी कागदावर असतो आणि काम सुरू झाले की मागे पडतो. ‘बांधणी’ हा शब्द जिवंत आहे, पण ‘पक्षबांधणी’मुळे त्याला माणसे जोडत जाण्याची छटा आली आहे. संस्था उभी करण्याबद्दल लिहायचे असेल तेथे ‘संस्थाबांधणी’ अवश्य लिहावे. चालू असलेल्या संस्थेची मांडणी बदलायची असेल तेथे ‘पुनर्रचना’ आहेच, आणि त्याआधीच्या अभ्यासाला ‘संस्थाविश्लेषण’ म्हणता येईल. ‘तपासणी’ म्हटले की कर्मचाऱ्यांना दप्तरतपासणी आठवते आणि ते सावध होतात.

‘रचना’ या शब्दावर मी इतका भर देतो याचे कारण असे की तिच्यात हेतू गृहीत आहे, आणि हेतू बदलला की रचना बदलते. याचे उत्तम उदाहरण शिवकालीन व्यवस्थेत सापडते. घोडदळात 25 बारगीरांवर, म्हणजे सरकारी घोडा मिळालेल्या स्वारांवर, एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार आणि 10 जुमलेदारांवर एक हजारी, म्हणजे हजारीच्या हाताखाली 1250 स्वार. फौजेने वेगाने हलावे म्हणून हुकूम वरून खाली एकाच रेषेत उतरत असे. गडावर मात्र हवालदार, सरनौबत आणि सबनीस या तिघांच्या हाती कारभार वाटून दिलेला होता, कोठाराकडे पाहणारा कारखानीस निराळा होता, आणि एकट्याच्या मर्जीने गड शत्रूच्या हवाली होऊ नये अशी ती योजना होती. राज्य एकच, काळ एकच, तरी फौजेला एकहाती अंमल आणि गडाला वाटलेला अंमल. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांच्या 1916 मधल्या व्यवस्थापनतत्त्वांपैकी ‘आदेशातील एकवाक्यता’, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाचे हुकूम, आपण पाठ्यपुस्तकात पाठ करतो, पण ते तत्त्व सगळीकडे सारखेच लावायचे नसते, हे या दोन रचना शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते. पुस्तिकेत असे एखादे उदाहरण घालता आले, तर ती अनुवादित वाटणार नाही.

पुस्तिकेत ‘प्रभावी’ हा शब्द वारंवार येतो असे वाचकाने कळवले आहे. तेथे ‘परिणामकारक’ लिहावे आणि ‘कार्यक्षम’पासून तो काटेकोरपणे वेगळा ठेवावा. आवक लिपिक आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी नोंदवहीत घेतो, संबंधित टेबलावर पोचवतो आणि पोच देतो. तो कार्यक्षम आहे. परंतु पुढे त्या अर्जावर चार सह्या लागत असतील आणि त्यांतल्या दोन सह्या करणाऱ्यांना अर्जाबाबत काहीच ठरवायचे नसेल, तर दाखला महिनाभर मिळत नाही. माणसे कार्यक्षम असूनही संस्था परिणामकारक नाही, आणि दोष रचनेचा आहे. ‘प्रभावी’ लिहिले की हा फरक पुसला जातो आणि खापर लिपिकावर फुटते. अशा अनुवादाने माणसांवर अन्याय होतो, म्हणून या एका शब्दाविषयी मी आग्रही आहे.

शेवटचा प्रश्न ‘रिपोर्ट करणे’ याचा. ‘क्षेत्र समन्वयक प्रकल्प व्यवस्थापकाला अहवाल देतो’ हे मसुद्यातले वाक्य चुकीचे आहे, कारण त्याचा अर्थ तो कागद लिहून देतो एवढाच होतो. मराठीत माणूस कोणाच्या तरी ‘हाताखाली’ असतो, कोणाच्या तरी ‘नियंत्रणाखाली’ असतो, कोणाला तरी ‘जबाबदार’ असतो, आणि या तिन्ही गोष्टी एकच नाहीत. ग्रामसेवकाचे (2024 पासून पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) पाहावे. तो ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून काम करतो, ग्रामसभेत प्रश्न आले की सरपंचाच्या शेजारी बसून उत्तरे देतो, पण तो नोकर जिल्हा परिषदेचा आहे आणि त्याच्यावर प्रशासकीय नियंत्रण गटविकास अधिकाऱ्याचे असते. ‘ग्रामसेवक कोणाला रिपोर्ट करतो’ या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि ते मराठीचे दुबळेपण नव्हे. पुस्तिकेत जेथे जेथे हे क्रियापद येईल, तेथे आधी मूळ लेखकाला विचारावे की रोजचे काम कोण सांगतो, रजा कोण मंजूर करतो आणि वार्षिक मूल्यमापन कोण लिहितो. तिन्हींचे उत्तर एकच व्यक्ती असेल तर ‘हाताखाली’ पुरेसे आहे. उत्तरे वेगळी आली, तर वाक्ये दोन करावीत: ‘कामाबाबत तो प्रकल्प व्यवस्थापकाला जबाबदार असेल, त्याच्यावर प्रशासकीय नियंत्रण मुख्य कार्यालयाचे राहील.’