जंगलात बिऱ्हाड, अस्वलाला चेन

प्रश्न : माझा मुलगा डेन्व्हरला असतो, सून तिकडचीच. यंदा तिथे असताना सगळ्यांनी मिळून एक स्वस्तातला विनोदी सिनेमा पाहिला. शहरातलं कुटुंब चंबूगबाळं आवरून डोंगरात राहायला जातं. अस्वलाच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसते, बाप एका गाण्यात अख्खं घर बांधतो, आईच्या कपड्यांची इस्त्री मोडत नाही. आमचे व्याही डोळे पुसत हसत होते आणि मी मख्ख. यात एवढं हसण्यासारखं काय होतं? आणि हो, त्यातला रकून म्हणजे कोणता प्राणी?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, चूक तुमची नाही. व्याह्यांनी मूळ सोंग पाहिलंय, तुम्ही नुसती नक्कल पाहिलीत.

1975 साली स्ट्युअर्ट रॅफिल यांचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ द वाइल्डरनेस फॅमिली’ आला. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेनं मुलगी आजारी पडते, म्हणून बांधकामावर काम करणारा बाप बायकोमुलांना घेऊन थेट रॉकी पर्वतात बिऱ्हाड करतो. सगळं अगदी गळ्याशपथ, मनापासून. 1978 आणि 1979 मध्ये पुढचे दोन भागही निघाले.

मी बावीस वर्षं नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत बसलो, त्यामुळे मला या गोष्टीपेक्षा तिचा धंदाच जास्त आवडतो. डोंगर फुकट, नट चार-पाच, सेट म्हणजे एक लाकडी खोपटं. त्या काळात असल्या निसर्गपटांचे काही निर्माते थिएटरच ठरावीक भाड्यानं घ्यायचे, टीव्हीवर जाहिरातींचा मारा करायचे आणि गल्ला अख्खा आपल्या खिशात घालायचे. तिकडे याला ‘फोर-वॉलिंग’ म्हणतात. आपला नाटकाचा कॉन्ट्रॅक्टर वेगळं काय करतो? हॉलचं भाडं भरलं, की हाउसफुल्ल त्याचं आणि रिकाम्या खुर्च्याही त्याच्याच! मूळ सिनेमाच असा काटकसरीचा, म्हणून त्याची टिंगलही थोडक्यात होते. फक्त खरं, शिकवलेलं अस्वल परवडत नाही, मग चेनवालं येतं.

पण मला विचाराल तर खरा विनोद जमिनीचा आहे. आपल्याकडचा माणूस जंगलात पोचल्यावर आधी विचारेल, सातबारा कोणाच्या नावावर? तिकडे 1862 च्या कायद्यानं घर बांधून पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळायची. ते वेड त्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. तो कायदा रद्द झाला 1976 मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी (अलास्कात आणखी दहा वर्षं चालला). शिवाय 1964 च्या कायद्यानं जी रानं ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखली, तिथे माणूस फक्त पाहुणा. मुक्काम ठोकायचा नाही. तिसऱ्या भागात तर जंगल खात्याचा माणूस जागा खाली करा म्हणून येतोच. आता सांगा, विडंबन करणाऱ्यानं आणखी काय करायचं?

तुम्ही मख्ख राहिलात त्याला दुसरंही कारण असेल. असे सिनेमे अर्ध्या तासात दमतात. इस्त्रीचा विनोद एकदा चांगला, चौथ्यांदा धोब्याच्या बिलासारखा वाटतो. पुढच्या वेळी आधी मूळ सिनेमा पाहा. पहिला भाग पुरे. आणि व्याह्यांना शेजारी बसवा. कुठे हसायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर कळेल.

रकूनला मराठीत नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही. थोराड मांजराएवढा, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी, शेपटीवर वळी. तो पाहायला डोंगरात जायची गरज नाही. रात्री डेन्व्हरच्या घरामागची कचरापेटी उघडी ठेवा.