जुनी कार्टून्स फुकट, पण नोटीस कुणाच्या नावावर?

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, चित्रकला उत्तम. त्याला ॲनिमेशनच्या पदवीला जायचंय, पण त्यात वर्षं घालवण्यापेक्षा कॉपीराइट संपलेली जुनी कार्टून्स टी-शर्टवर छापून ऑनलाइन विकावीत, असं मला वाटतं. त्याच्या नावाने दुकान उघडतो आहे. कोणता छोटा कोर्स करावा? – एक पालक

उत्तर : कोर्सचं नंतर पाहू. मला खटकलं ते ‘त्याच्या नावाने’. विक्रीच्या वेबसाइटच्या करारात सहसा अट असते, की हक्कांवरून दावा आला तर भरपाई विक्रेत्याने करायची. म्हणजे निर्णय तुमचा आणि नोटीस पोराला. अठरा पूर्ण नसतील तर बहुतेक ठिकाणी त्याला असा करार करताच येत नाही. त्याला काय हवंय हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि लगेच ‘पण’ जोडलात. ही घाई मला त्याच्या बारावीच्या गुणांपेक्षा जास्त काळजीची वाटते.

कॉपीराइट संपला की पात्र मोकळं झालं, हा समज फार महागात पडतो. मोकळी होते एक ठरावीक कृती, तीही ठरावीक देशात. मिकी माउसची 1928 ची फिल्म ‘स्टीमबोट विली’ अमेरिकेत 95 वर्षांची मुदत संपून 1 जानेवारी 2024 ला खुली झाली. त्यातला मिकी काळा-पांढरा, हातमोज्यांशिवायचा. नंतरच्या फिल्म्समधली भर त्यात येत नाही. शिवाय मिकीचं नाव डिस्नेचा ट्रेडमार्क, म्हणजे माल कुणाचा हे सांगणारी खूण, आहे आणि ट्रेडमार्क वापरात राहून नूतनीकरण होत गेलं, तर संपतच नाही. लेबलवर किंवा शीर्षकात ते नाव पाहून गिऱ्हाइकाला माल अधिकृत वाटला, की तक्रारीला जागा झाली. सुपरमॅनचं प्रकरण आणखी फसवं. त्याच्या 1941 ते 1943 च्या कार्टून फिल्म्सच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून त्या अमेरिकेत खुल्या आहेत. पण पात्र आलंय 1938 च्या कॉमिकमधून आणि त्याचा कॉपीराइट 2033 अखेरपर्यंत आहे. त्यामुळे फिल्म दाखवता येईल, त्यातला सुपरमॅन शर्टवर विकता येणार नाही. टिनटिनच्या 1929 च्या चित्रपट्ट्या अमेरिकेत 2025 पासून खुल्या आहेत. युरोपीय संघात मात्र निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं मोजतात. टिनटिनचे निर्माते एर्जे 1983 मध्ये वारले, म्हणजे 2053 अखेरपर्यंत थांबायचं. जगभर विक्री चालू ठेवलीत तर तोच शर्ट एका देशात चालेल, दुसऱ्यात उल्लंघन ठरेल.

तरीही करायचंच असेल, तर खातं स्वतःच्या नावावर उघडा. प्रत्येक चित्राच्या पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि देश लिहून ठेवा. 1964 पूर्वीची अमेरिकी कृती असेल तर 28 व्या वर्षी कॉपीराइटचं नूतनीकरण झालं होतं का, ते कॉपीराइटच्या नोंदींत तपासा. ट्रेडमार्क नोंदवहीत वर्ग 25, म्हणजे कपडे, शोधा. चित्र मूळ प्रतीवरून घ्या, नव्याने रंगवलेल्या आवृत्तीवरून नको. विक्रीचे देशही मर्यादित ठेवा. हे टाळलंत तर आधी एखादा शर्ट यादीतून काढला जातो, तक्रारी वाढल्या की खातं बंद होतं आणि त्यातले पैसे अडकतात.

ॲनिमेशनसाठी प्रवेश परीक्षा आणि पोर्टफोलिओ (स्वतःच्या निवडक कामांचा संग्रह), हीच नेहमीची वाट आहे. त्या पोर्टफोलिओत त्याची स्वतःची पात्रं लागतात, आणि ती कागदावर उतरताच कॉपीराइट त्याचा असतो. शर्टवर छापायचीच असतील तर तीच छापा, त्याला विचारून.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या आणि सोबत त्याची चित्रं पाठवा.