वाचकांचे प्रश्न : डायनोसॉर परतीच्या वाटेवर

प्रश्न : माझ्या विज्ञानकथेत बुद्धिमान डायनोसॉर लघुग्रह आदळण्याआधी यानातून निसटतात आणि आज पृथ्वी परत घ्यायला येतात. मधली ६.६ कोटी वर्षं शीतनिद्रेत काढली असं दाखवू का?

उत्तर : नको. शरीर गोठलं तरी त्यातल्या पोटॅशियम-४० चा किरणोत्सार थांबत नाही. थांबतं ते पेशींचं दुरुस्तीकाम. माणसाच्या शरीरात या किरणोत्साराची मात्रा वर्षाला सुमारे ०.१७ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे या मात्रेचं एकक) असते. ६.६ कोटी वर्षांत ती ११ हजार सिव्हर्टवर जाते. माणसाला एकदम मिळालेले आठ-दहा सिव्हर्टही जीवघेणे ठरतात.

त्यापेक्षा सापेक्षता वापरा : यानाचा वेग प्रकाशाच्या जवळ गेला की त्यातलं घड्याळ पृथ्वीच्या मानाने मंदावतं. यानाला सतत १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं, त्वरण द्या : अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून तेवढाच कमी करायचा. येतानाही तेच. ३.३ कोटी प्रकाशवर्षं जाऊन परत यायला पृथ्वीवर ६.६ कोटी वर्षं लोटतील, यानातल्या घड्याळात फक्त ६७. म्हणजे अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू म्हातारं होऊन घरी येतं. सूड त्याच पिढीचा राहतो, ही कथेला मोठीच मदत.

अडचण इंधनाची. द्रव्य-प्रतिद्रव्याचं सगळं इंधन प्रकाशात बदलून मागे फेकलं, तरी निघताना इंधन यानाच्या १०³⁰ पट लागतं. १०० टनांच्या यानाला हजारो सूर्यांएवढं. इथे एक थाप मारा, पण एकच, आणि पहिल्या प्रकरणातच.

परतल्यावर त्यांना नकाशा ओळखू येणार नाही. ते निघाले तेव्हा भारत आशियाला जोडलेलाही नव्हता. गवत मात्र अगदीच अनोळखी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश मिळाल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं.

प्रश्न : ते दिसायला माणसासारखे असावेत का?

उत्तर : १९८२ साली कॅनडात जीवाश्मतज्ज्ञ डेल रसेल यांनी ट्रूडॉन या छोट्या डायनोसॉरच्या जातकुळीवरून असा पुतळा करवून घेतला होता : ताठ उभा, बिनशेपटीचा. तो फारच माणसासारखा आहे, ही टीका आम्हाला पटते. शेपटी ठेवा, पाठ आडवी ठेवा, पिसंही द्या. डोकं अवाढव्य नको. कावळ्या-पोपटांच्या मेंदूत चेतापेशी दाटीने बसलेल्या असतात, तेच इथे चालेल. मांसाहारी डायनोसॉरांचे तळहात एकमेकांसमोर असत, पालथे होत नसत. टाळी वाजेल, पण आपल्यासारखा कीबोर्ड बडवता येणार नाही. त्यांच्या यानातल्या कळा उभ्या फळीच्या दोन्ही अंगांना बसवा.

प्रश्न : ते पृथ्वीवर १० किलोमीटरचा लघुग्रह फेकतात. माणसं तो कसा वळवतील?

उत्तर : नाही वळवू शकणार. दहा वर्षं आधी धक्का दिला, तर पृथ्वीच्या त्रिज्येएवढं चुकवायला वेग सेकंदाला साधारण २ सेंटिमीटरने बदलावा लागतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान अशाच धक्क्याच्या चाचणीसाठी सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळलं. डायमॉर्फसच्या प्रदक्षिणेचा वेळ ३३ मिनिटांनी घटला, पण त्याचा वेग बदलला सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटरनी, आणि तो होता अवघा १६० मीटरचा. तुमच्या दगडाला अशी वीसेक लाख यानं लागतील.

शिवाय ज्याला घर परत हवंय तो घर जाळेल कशाला? दगड ३०० मीटरचा करा. तो एखादा प्रदेश उद्ध्वस्त करेल, आणि वळवायला डार्टसारखी साठेक यानं पुरतील. चांगली चुरस होते. फक्त दगड सैल खडीच्या ढिगासारखा असेल, तर जोरकस एकाच धक्क्याने फुटून तुकडे त्याच वाटेने येतील; धक्के थोडे थोडे द्यायला हवेत.

हल्ला सूर्याच्या दिशेकडून येऊ द्या, तिकडे जमिनीवरच्या दुर्बिणी आंधळ्या असतात. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड तिकडूनच आला होता. आकाशात झगमगाट होईपर्यंत कुणालाही पत्ता नव्हता.