चांग लाजवळचे राखाडी पक्षी कोणते, आणि ते तिथे खातात काय?

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. लडाखमधल्या चांग ला खिंडीजवळ रस्त्याकडेच्या बर्फाला लागून दाणे टिपणारा तुमचा थवा चिमण्यांचा नाही, हे ब्रँड्ट्स माउंटन फिंच आहेत. कपाळ आणि चोचीभोवतीचा भाग काळपट, पाठ जवळजवळ कोरी, राखी-तपकिरी, पंख लांब, शेपटीला मधे खाच. नराच्या कंबरेवर पुसट गुलाबी छटा असते, पण ती उजेड चांगला असेल तरच कळते. याचा भाऊबंद प्लेन माउंटन फिंच मात्र खरंच चिमणीसारखा दिसतो: पाठीवर ठळक रेघा, पंखावर फिकट पट्टे. तो सहसा थोडा खाली, कुरणांच्या पट्ट्यात असतो. स्नोफिंचशीही अनेकांची गल्लत होते. तो उडाला की पंखात आणि शेपटीच्या कडांना पांढरं लख्ख दिसतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ५३०० मीटरच्या आसपास, जिथे गवताची काडी शोधावी लागते, तिथे हे खातात काय? आपल्याला वाटतं, बर्फ म्हणजे त्यांच्यावरचं संकट. उन्हाळ्यात नेमकं उलटं असतं. बर्फ वितळत मागे सरकतो तशी रोज नवी ओली जमीन उघडी पडते आणि गेल्या वर्षी गळलेलं बी वर येतं. शिवाय वारा खालच्या दऱ्यांतून कीटक उडवून आणतो. बर्फावर पडले की ते गारठतात, मग पळणं दूरच, हलतही नाहीत. म्हणून थवा शोधायचा तर सगळा उतार धुंडाळू नका, बर्फाची कड पाहा. पक्षी मान खाली घालून त्या कडेने सरकत असतात, खडे चोचीने बाजूला करतात. मधेच सगळा थवा एकदम उठतो, हवेत एक वळसा घेतो आणि बऱ्याचदा तिथेच परत उतरतो. अशा वेळी घाईने पुढे जाऊ नका, थांबा.

घरटं खडकाच्या फटीत असतं आणि बर्फाची कड तर रोज सरकत असते, त्यामुळे पिल्लांसाठी चारा लांबून आणावा लागतो. याच वंशातल्या अमेरिकेतल्या रोझी फिंचमध्ये त्यासाठी विलक्षण सोय आहे: विणीच्या काळात तोंडाच्या तळाशी दोन पिशव्या तयार होतात आणि एका फेरीत भरपूर चारा नेता येतो. त्यांचे नर खाण्याच्या जागेवर हक्क सांगत बसत नाहीत, कारण आजची जागा उद्या उपयोगाची नसते. ते मादीची राखण करतात. ती जाईल तिथे तिच्यामागे जातात आणि दुसरा नर जवळ आला की त्याला हुसकतात. मला या पक्ष्यांबद्दल सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

हिवाळ्यात थवे मोठे होतात आणि बर्फ फार साचला की खाली दऱ्यांकडे उतरतात.

बिस्किटं टाकावीत का, असंही विचारलंय. कृपया टाकू नका. खिंडींमध्ये पर्यटकांच्या खाण्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना त्यांचाच धोका. त्यापेक्षा सकाळी, वारा सुटायच्या आत पोहोचा, गाडी बाजूला लावा आणि आत बसूनच दुर्बीण डोळ्याला लावा. उभ्या गाडीला हे पक्षी फारसे बिचकत नाहीत. दार उघडून माणूस उतरला की मात्र उठतात.