एलएलबी करतोय. दिवाळखोरी न्यायालयाचा न्यायाधीश व्हायचंय. न्यायदंडाधिकारी परीक्षा द्यावीच लागते का?

नाही. आपल्याकडे कंपन्यांची दिवाळखोरी एनसीएलटीपुढे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) चालते आणि तिथे परीक्षा देऊन कोणी बसत नाही. खंडपीठावर एक न्यायिक सदस्य असतो, एक तांत्रिक. न्यायिक बाजूने उच्च न्यायालयातले, जिल्हा न्यायाधीश किंवा निदान 10 वर्षं वकिली केलेले लोक येतात. तांत्रिक बाजूने सीए, कंपनी सेक्रेटरी, सरकारी अधिकारी.

हा तांत्रिक सदस्य आमच्या घरातलं जुनं भांडण आहे. मेहुणे दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, मी सीए. एनसीएलटी 2016च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत त्यांचं एकच, ‘हिशेबनीस न्यायासनावर बसवायचे तर लोकांनी कायदा शिकायचाच कशाला?’

तर ऐका. एका बंद पडलेल्या कारखान्याचे कामगार माझ्याकडे आले. ग्रॅच्युइटीचे दावे त्यांनी फॉर्म डी (कामगारांच्या दाव्याचा अर्ज) भरून दिले होते आणि आरपीने, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाने, ‘पुरावा नाही’ म्हणून नाकारले होते. नेमणूकपत्रं कोणाकडे असणार? कोणाची पुरात गेली, बऱ्याच जणांना कधी मिळालीच नव्हती. कंपनी कायद्याच्या कलम 432 नुसार सीएला तिथे उभं राहता येतं, म्हणून कफ परेडला, एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे, मीच उभा राहिलो. बँकेचे वकील प्रक्रिया संपवायची 330 दिवसांची मुदत, सीओसीचा (कर्ज देणाऱ्यांच्या समितीचा) अधिकार वगैरे बराच वेळ बोलले. तांत्रिक सदस्य सीए होते. ते तोवर आमच्या अर्जाला जोडलेला ताळेबंद चाळत होते. त्यांनी आरपीला एवढंच विचारलं, ‘यात ग्रॅच्युइटीची तरतूद दिसते. आकडा ॲक्च्युअरीने काढला असेल ना? मग त्याला दिलेली यादी कुठे आहे?’

ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांना लगेच कळेल. ॲक्च्युअरी म्हणजे अशा पुढच्या देण्यांचा अंदाज काढणारा गणिती. त्या यादीत प्रत्येक कामगाराचं नाव, कामावर लागल्याची तारीख आणि पगार असतो. म्हणजे पुरावा कंपनीच्याच कपाटात आणि मागत होते तो बिचाऱ्या कामगारांकडे! यादी काढून सगळे दावे पुन्हा तपासा, असा आदेश झाला.

मेहुणे म्हणाले, ‘मीही कागद मागवलाच असता.’ मागवला असता हो, पण कुठला?

म्हणून माझा सल्ला: एलएलबीसोबत सीए किंवा सीएस करा. निदान ताळेबंदाच्या टिपा वाचायला शिका. निकालपत्रं पाठ असलेले वकील ढिगाने आहेत. न्यायदंडाधिकारी होऊन जिल्हा न्यायाधीशपदापर्यंत पोचायचं आणि मग इकडे वळायचं, हाही रस्ता आहे, फार लांबचा. आयबीबीआयची (दिवाळखोरी नियामक मंडळाची) परीक्षा मात्र आरपी होण्यासाठी असते, न्यायाधीश होण्यासाठी नव्हे. यात बरेच जण गोंधळतात.

फार मोठ्या सत्तेची स्वप्नं बघू नका. कर्ज देणाऱ्यांनी किती पैशांवर पाणी सोडायचं हे सीओसी 66 टक्के मतांनी ठरवते, आणि त्या व्यावसायिक निर्णयात न्यायाधिकरणाने हात घालायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस्सार स्टीलच्या 2019च्या निकालात बजावलंय. सदस्याला उरतं ते कायदा पाळला गेला की नाही हे बघणं. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे.

अमेरिकेतल्या दिवाळखोरी न्यायाधीशाला 14 वर्षांची नेमणूक मिळते. तुम्ही त्यावर वाचून हे ठरवलं असेल तर आपल्याकडचं गणित बघा. कंपनी कायद्यात मुदत 5 वर्षं होती, 2021च्या कायद्याने ती 4 केली आणि वयाची किमान अट 50, तर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. त्यामुळे वर सांगितलेल्या पात्रतेवर विसंबू नका, तुमच्या वेळची जाहिरात वाचा. आणि सगळं एकट्यादुकट्या माणसाच्या दिवाळखोरीसाठी करायचं मनात असेल, तर ते अर्ज अजून 1909 आणि 1920च्या जुन्या कायद्यांखाली मुंबईत उच्च न्यायालयात आणि बाहेर जिल्हा न्यायालयात जातात. तिथे मेहुण्यांचाच रस्ता धरावा लागेल.